तीन शहरे सोडलेला संघ चौथ्या शहराच्या वाटेवर

२६ सप्टेंबर २०२४ च्या दुपारी कॅलिफोर्नियातील ओकलंड कोलिझियम हे जुने स्टेडियम तुडुंब भरले होते. प्रेक्षकांची अधिकृत संख्या होती ४६ हजार ८८९. ओकलंड अ‍ॅथलेटिक्स संघाने टेक्सास रेंजर्सवर ३-२ असा विजय मिळवला. गुणतालिकेच्या दृष्टीने या निकालाला फारसा अर्थ नव्हता. तरीही सामना संपल्यावर प्रेक्षक जागचे हलले नाहीत. संघाचे मॅनेजर, म्हणजे आपल्या भाषेत मुख्य प्रशिक्षक, मार्क कोत्से यांनी मैदानात उभे राहून ध्वनिक्षेपकावरून प्रेक्षकांचे आभार मानले आणि त्यांच्याबरोबर ओकलंडच्या नावाचा घोष केला. १९६८ पासून ५७ हंगाम या शहराचे नाव मिरवणाऱ्या संघाचा तो ओकलंडमधील अखेरचा सामना होता.

हा संघ आता नेवाडा राज्यातील लास वेगास शहरात जाणार आहे. तेथील स्टेडियम तयार होईपर्यंत, म्हणजे २०२८ चा हंगाम सुरू होईपर्यंत, त्याचा मुक्काम कॅलिफोर्नियाची राजधानी असलेल्या सॅक्रामेंटोच्या परिसरात आहे. अर्धशतकाहून अधिक काळ एका शहराच्या जिव्हाळ्याचा विषय असलेला संघ असा उचलून दुसऱ्या राज्यात नेता येतो, ही गोष्ट भारतीय वाचकाला चमत्कारिक वाटेल. मुंबईचा रणजी संघ इंदूरला हलवण्याची कल्पनाही आपण करू शकत नाही, कारण तो संघ संघटनेचा असतो. अमेरिकेतील व्यावसायिक संघ मात्र खासगी मालकाचा असतो आणि शहराचे नाव हे कायद्याच्या दृष्टीने त्या मालमत्तेवरील केवळ एक पाटी असते.

अ‍ॅथलेटिक्सच्या बाबतीत ही पाटी अनेकदा बदलली आहे. १९०१ मध्ये फिलाडेल्फिया येथे हा संघ स्थापन झाला. कॉनी मॅक यांनी तेथे सलग ५० हंगाम त्याचे मॅनेजरपद सांभाळले आणि पाच वेळा वर्ल्ड सिरीजचे विजेतेपद मिळवून दिले. १९५५ मध्ये संघ कॅन्सस सिटीला गेला. तेथे १३ हंगाम काढल्यावर तत्कालीन मालक चार्ल्स फिनली यांनी तो ओकलंडला आणला. ओकलंडने त्याला आणखी चार विजेतेपदे पाहिली : १९७२, १९७३, १९७४ आणि १९८९. ब्रॅड पिट यांच्या ‘मनीबॉल’ या चित्रपटामुळे ज्यांना बेसबॉलची तोंडओळख झाली असेल, त्यांनी पाहिलेला तुटपुंज्या पैशांत आकडेवारीच्या बळावर खेळाडू निवडणारा आणि २००२ मध्ये सलग २० सामने जिंकणारा संघ हाच.

मग तो ओकलंडमधून निघाला का? मालकांच्या बाजूने दिले जाणारे उत्तर सोपे आहे : स्टेडियम जुने झाले आणि लोक येईनासे झाले. यातील पहिला भाग खरा आहे. १९६६ मध्ये खुले झालेले कोलिझियम बेसबॉल आणि अमेरिकन फुटबॉल अशा दोन्ही खेळांसाठी बांधलेले होते आणि दोहोंपैकी एकासाठीही ते आदर्श नव्हते. २०१३ मध्ये तेथे सांडपाणी खेळाडूंच्या खोल्यांत शिरले होते. १९९० च्या दशकात रेडर्स या फुटबॉल संघाला परत आणण्यासाठी सार्वजनिक कर्ज काढून प्रेक्षागाराचा प्रचंड मजला चढवण्यात आला. त्यामुळे पूर्वेकडील टेकड्यांचे देखणे दृश्य झाकले गेले. पुढे २०२० मध्ये रेडर्सही लास वेगासला गेले, परंतु त्या कर्जाचे हप्ते ओकलंड शहर आणि अलामेडा कौंटी भरत राहिले. त्याआधी २०१९ मध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्स हा बास्केटबॉल संघ खाडीपलीकडील सॅन फ्रान्सिस्कोला गेला होता. पाच वर्षांत तीन संघ गमावणाऱ्या शहराने पुन्हा खजिना उघडताना हात आखडता घेतला असेल, तर ते समजण्यासारखे आहे.

लोक येईनासे झाले, हा दुसरा भाग मात्र तपासून पाहिला पाहिजे. १९९० मध्ये याच स्टेडियममध्ये हंगामभरात २९ लाख प्रेक्षक आले होते. तेव्हा संघ लिव्हाइस या कापड उद्योगातील हास कुटुंबाकडे होता आणि ते खेळाडूंवर पैसा खर्च करीत होते. २००५ मध्ये जॉन फिशर आणि त्यांच्या भागीदारांनी संघ विकत घेतला. पुढील काळात चांगले खेळाडू तयार व्हावेत आणि त्यांचे मूल्य वाढताच ते अन्य संघांकडे जावेत, असा क्रम सुरू राहिला. २०२३ मध्ये संघाने १६२ पैकी ११२ सामने गमावले. त्या वर्षी एकूण प्रेक्षकसंख्या साधारण ८ लाख ३२ हजार होती, मेजर लीगमधील सर्वांत कमी. तिकिटांचे दर वाढत होते, संघ दुबळा होत होता आणि मालक अन्य शहरांत जमीन पाहत होता. अशा वेळी रिकाम्या खुर्च्या हे स्थलांतराचे कारण मानायचे की परिणाम, हा प्रश्न ओकलंडवासी विचारत होते.

त्यांनी तो विचारला तेही अनोख्या पद्धतीने. १३ जून २०२३ रोजी चाहत्यांनी ‘उलटा बहिष्कार’ पुकारला. मैदानाकडे पाठ फिरवण्याऐवजी सर्वांनी मैदानात यावे, असे आवाहन होते. एरवी मंगळवारच्या सामन्याला काही हजार लोक येत असताना त्या रात्री २७ हजार ७५९ जण आले. अनेकांच्या हिरव्या सदऱ्यांवर मालकाला उद्देशून ‘विका’ हा एकच शब्द छापलेला होता. संघाने त्या दिवशी टॅम्पा बे रेजला २-१ असे हरवले. त्याच दिवशी नेवाडाच्या सिनेटने नव्या स्टेडियमसाठी सार्वजनिक निधी देणारे विधेयक मंजूर केले. दोन दिवसांनी राज्यपाल जो लोंबार्डो यांची त्यावर स्वाक्षरीही झाली. लीगचे आयुक्त रॉब मॅनफ्रेड यांनी या गर्दीबद्दल, एका रात्रीपुरते तरी लीगच्या सरासरीइतके प्रेक्षक दिसले, अशा आशयाची टिप्पणी केली. ओकलंडमध्ये ती अद्याप विसरली गेलेली नाही.

या व्यवहाराचे मूळ मात्र व्यक्तींच्या स्वभावापेक्षा व्यवस्थेत आहे. मेजर लीग बेसबॉलमध्ये १९९८ पासून केवळ ३० संघ आहेत. इंग्लंडमधील फुटबॉलप्रमाणे एखाद्या गावाने नवा क्लब काढावा आणि खालच्या विभागातून जिंकत वर यावे, अशी सोय येथे नाही. जागा मोजक्याच आणि त्या वाढवायच्या की नाही हे ठरवणारे मालकच. त्यामुळे संघ हवा असलेली शहरे नेहमी संघांपेक्षा जास्त राहतात. शिवाय १९२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बेसबॉल हा आंतरराज्यीय व्यापार नाही, असा निर्वाळा देऊन त्याला मक्तेदारीविरोधी कायद्यांच्या कक्षेबाहेर ठेवले. हा तर्क आज न्यायालयालाही पटवून देणे कठीण जाईल. तरीही १९५३ आणि १९७२ मध्ये फेरविचाराची संधी येऊनही तो निर्णय मूलतः कायम राहिला.

या सवलतीचा अर्थ काय, हे ओकलंडच्या शेजारील सॅन होजे शहराने अनुभवले. सिलिकॉन व्हॅलीतील हे श्रीमंत शहर ओकलंडपासून सुमारे ६५ किलोमीटरवर आहे. अ‍ॅथलेटिक्सला तेथे जायचे होते आणि शहरही उत्सुक होते. अडचण एवढीच होती की तो प्रदेश लीगच्या नियमांनुसार सॅन फ्रान्सिस्को जायंट्सच्या हक्काचा होता. गंमत अशी की, हा हक्क जायंट्सला मिळाला तो अ‍ॅथलेटिक्सच्याच संमतीने. १९९० च्या सुमारास जायंट्स अडचणीत होते आणि त्यांना त्या भागात स्थलांतर करायचे होते. तेव्हा अ‍ॅथलेटिक्सचे मालक वॉल्टर हास यांनी कोणताही मोबदला न घेता मान्यता दिली. तेथील मतदारांनी स्टेडियमचे प्रस्ताव फेटाळले, जायंट्स सॅन फ्रान्सिस्कोतच राहिले, मात्र प्रदेशाचा हक्क त्यांनी परत केला नाही. सॅन होजेने २०१३ मध्ये लीगविरुद्ध दावा दाखल केला. कनिष्ठ न्यायालयांनी १९२२ च्या निर्णयाकडे बोट दाखवले आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. परिणामी, जो संघ ६५ किलोमीटरवर, आपल्याच चाहत्यांच्या आवाक्यात जाऊ शकला नाही, त्याला सुमारे साडेसहाशे किलोमीटरवरील वाळवंटी शहरात जाण्यास १६ नोव्हेंबर २०२३ रोजी सर्व ३० मालकांनी एकमताने परवानगी दिली. तीन चतुर्थांश मते पुरेशी होती. स्थलांतर शुल्कही माफ करण्यात आले.

दरम्यान ओकलंडच्या बंदरालगत हॉवर्ड टर्मिनल येथे ३५ हजार आसनांचे स्टेडियम, घरे आणि व्यापारी संकुल यांचा सुमारे १२०० कोटी डॉलरचा आराखडा मांडला गेला होता. २०२१ मध्ये नगर परिषदेने आपल्या अटींसह त्याला तत्त्वतः संमती दिली. वाटाघाटी सुरू असतानाच एप्रिल २०२३ मध्ये संघाने लास वेगासमधील जमिनीची घोषणा केली. तीन आठवड्यांच्या आत ती जागाही बदलली, यावरून घाई लक्षात यावी. घाईला कारण होते. श्रीमंत संघांच्या उत्पन्नातून लहान संघांना मिळणारा वाटा अ‍ॅथलेटिक्सला पुढे हवा असेल, तर जानेवारी २०२४ पर्यंत नव्या स्टेडियमचा बंधनकारक करार आवश्यक होता.

नेवाडाने देऊ केलेली सार्वजनिक मदत कमाल ३८ कोटी डॉलरची, म्हणजे तीन हजार कोटी रुपयांहून अधिक आहे. त्यातील १८ कोटी हस्तांतरणीय करसवलतींच्या रूपात आहेत. उरलेल्यातील मोठा भाग कौंटीच्या रोख्यांतून यायचा आहे. समर्थकांच्या मते पर्यटकांच्या खर्चातून हे पैसे वसूल होतील. स्टेडियमला दिलेला सार्वजनिक पैसा क्वचितच परत येतो, याबाबत मात्र एरवी सहसा एकमत न होणाऱ्या अर्थतज्ज्ञांमध्ये बऱ्यापैकी एकवाक्यता आहे. कुटुंबाने बेसबॉलवर खर्च केलेला डॉलर बहुधा त्याच शहरातील उपाहारगृहाकडून किंवा चित्रपटगृहाकडून वळवलेला असतो. नेवाडातील शिक्षक संघटनेच्या पुढाकाराने या निधीवर जनमत घेण्याचा प्रयत्न झाला, परंतु मे २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो अर्ज अमान्य केला.

मालकांच्या हातातील खरे शस्त्र स्थलांतर नसून स्थलांतराची धमकी आहे, हे इतिहास सांगतो. १९५८ मध्ये डॉजर्स ब्रुकलिन सोडून लॉस एंजेलिसला गेले, तेव्हापासून प्रत्येक शहराला आपण कोणाला गमावू शकतो याची जाणीव झाली. १९७२ ते २००५ या काळात मेजर लीगचा एकही संघ हलला नाही. त्याच काळात नव्या स्टेडियमांचे पीक आले. फ्लोरिडातील सेंट पीटर्सबर्गने संघ नसतानाच छतबंद स्टेडियम बांधले आणि अन्य शहरांना घाबरवण्यासाठी ते अनेकांच्या उपयोगी पडले. १९८८ मध्ये शिकागोचा व्हाइट सॉक्स संघ तेथे निघाल्याचे दिसताच इलिनॉयच्या विधिमंडळाने शेवटच्या रात्री नव्या स्टेडियमचा निधी मंजूर केला. मध्यरात्रीची मुदत टळू नये म्हणून सभागृहातील घड्याळ थांबवण्यात आल्याचा किस्सा अजून सांगितला जातो. ओकलंडच्या बाबतीत धमकी खरी ठरली, एवढाच फरक.

सध्या अ‍ॅथलेटिक्स जेथे खेळत आहे त्या मैदानाचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. वेस्ट सॅक्रामेंटोतील सुमारे १४ हजार क्षमतेचे हे मैदान दुय्यम श्रेणीतील रिव्हर कॅट्स संघाचे आहे. रिव्हर कॅट्सची मुख्य मालकी सॅक्रामेंटो किंग्ज या बास्केटबॉल संघाकडे आहे आणि किंग्जचे प्रमुख मालक आहेत मुंबईत जन्मलेले उद्योजक विवेक रणदिवे. २०१३ मध्ये किंग्ज सिएटलला जाण्याच्या बेतात असताना लीगच्या मालकांनी स्थलांतर नाकारले आणि रणदिवे यांच्या गटाने संघ विकत घेऊन तो शहरात राखला. सॅक्रामेंटोत त्यांचे नाव आदराने घेतले जाते ते यासाठी. ओकलंडच्या चाहत्यांना मात्र त्याच व्यक्तीने आपल्या संघाला मधला थांबा पुरवावा, याचे वैषम्य वाटते. सॅक्रामेंटोची बाजू अशी की, मेजर लीगचा दर्जा आपल्यालाही शोभतो हे दाखवण्याची ही संधी आहे. दोन्ही शहरांमधील अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे.

भारतातही, जेथे मालकीहक्काचे संघ आले तेथे हे प्रकार दिसू लागले आहेत. इंडियन सुपर लीगमधील दिल्ली डायनामोज २०१९ मध्ये भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झाला. त्याच वर्षी बालेवाडीत खेळणारा एफसी पुणे सिटी बंद पडून त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली आणि २०२५ मध्ये तो संघ दिल्लीला गेला. पुण्यातील चाहत्यांसाठी ती बातमी काही दिवसांची ठरली, कारण संघाचे वय अवघे पाच वर्षे होते. ओकलंडमध्ये आजोबांनी नातवाला त्याच रांगेतील खुर्चीवर बसवून खेळ समजावून सांगितला होता.

३१ मार्च २०२५ रोजी वेस्ट सॅक्रामेंटोतील पहिल्या सामन्यात शिकागो कब्जने यजमानांना १८-३ असे धुऊन काढले. यजमान संघाच्या अधिकृत नावात आता कोणतेही शहर नाही, तो नुसता ‘अ‍ॅथलेटिक्स’ आहे. गणवेशाच्या एका बाहीवर सॅक्रामेंटोचे चिन्ह आहे आणि दुसऱ्या बाहीवर लास वेगासचे. लास वेगासमध्ये ट्रॉपिकाना हे जुने हॉटेल ऑक्टोबर २०२४ मध्ये स्फोटकांनी पाडण्यात आले आणि जून २०२५ मध्ये त्या जागेवर ३३ हजार क्षमतेच्या स्टेडियमचे भूमिपूजन झाले.

ओकलंडमधील बेसबॉल मात्र पूर्णपणे थांबलेला नाही. शहराच्या पश्चिम भागातील रायमोंडी पार्क या सार्वजनिक मैदानाची डागडुजी करून २०२४ पासून ओकलंड बॉलर्स नावाचा नवा संघ पायोनियर लीग या लहान, स्वतंत्र स्पर्धेत खेळतो. प्रेक्षागार तात्पुरते आहे आणि खेळाडूंची नावे बहुतेकांना अपरिचित. चाहत्यांना संघाच्या मालकीत छोटा वाटा विकत घेण्याची मुभा देण्यात आली आणि अनेकांनी तो घेतला. २०२५ मध्ये, आपल्या दुसऱ्याच हंगामात, या संघाने पायोनियर लीगचे विजेतेपद पटकावले.