'ओ' दिसणारं रक्त

आई-वडील दोघंही 'ओ' गटाचे आणि मूल मात्र 'बी'. शाळेच्या पुस्तकाप्रमाणे हे अशक्य. अशा रिपोर्टवरून एखाद्या सुनेला काय काय ऐकावं लागलं असेल, याची कल्पना न केलेलीच बरी. पण हे घडू शकतं! आणि कोड्याचा पहिला धागा हाती लागला तो मुंबईत. १९५२ साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये एका अजब रक्ताची नोंद केली. तपासणीत ते 'ओ' दिसे, पण 'ओ' रक्ताशीही जुळत नसे. आजही जग त्याला 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणतं. शहराचं नाव बदललं, रक्ताचं नाही.

आपल्या तांबड्या पेशींवर आधी 'एच' नावाची एक खूण तयार होते. तिच्यावर एक साखर चढली की 'ए', दुसरी चढली की 'बी', काहीच चढलं नाही तर 'ओ'. 'एच' बनवणारं जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर, 'ए-बी'चं नवव्यावर. 'एच' जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. एक बिघडली तरी दुसरी काम भागवते. चांगली प्रत प्रभावी ठरते ती एवढ्याचसाठी, त्यात कुणी कुणाला दडपत नाही. दोन्ही बिघडल्या, तर 'एच' बनतच नाही. मग 'बी'चं जनुक ठणठणीत असूनही काय करणार? भिंतच नाही, तर खुंटी ठोकायची कशात?

पण ते 'बी' जनुक पुसलं गेलेलं नसतं. जोडीदाराकडून 'एच'ची चांगली प्रत मिळाली की तेच पुढच्या पिढीत उघड होतं, आणि 'ओ' वाटणाऱ्या दोघांच्या घरी 'बी'चं मूल जन्मतं.

भारतात सुमारे दहा हजारांत एक माणूस या गटाचा; युरोपात दहा लाखांत एखादा. नात्यात लग्नं होतात तिथे एकच बिघडलेली प्रत दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते. मामाच्या मुलीशी लग्न लावताना हा हिशेब कोण मांडतो?

अशा माणसाच्या रक्तात 'एच'विरुद्धच प्रतिपिंडं असतात, त्यामुळे सगळ्यांना चालणारं 'ओ' रक्त त्याला घातक ठरतं. म्हणून दाता शोधताना सख्ख्या भावंडांचं रक्त आधी तपासावं: आई-वडील दोघंही लपलेली एकेक प्रत बाळगून असतील, तर प्रत्येक भावंड याच गटाचं निघण्याची शक्यता चारात एक.