चिखलात रुतणाऱ्या जीपसाठी विंचची निवड

मृगाच्या सरी सुरू झाल्या की काळ्या जमिनीतील पाणंदींचे रूप पालटते. उन्हाळ्यात दगडासारखी टणक असलेली माती पाणी पिऊन फुगते, चाकाला चिकटते आणि टायरच्या खाचा भरून टाकते. नेमक्या याच दिवसांत बियाणे व खते शिवारापर्यंत पोचवावयाची असतात; वस्तीवरील एखाद्या आजाऱ्यास दवाखान्यात न्यावयाचे असते. चारही चाकांना गती मिळणारी जीपसुद्धा अशा चिखलात आसापर्यंत रुतते. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजनेचा प्रारंभ झाल्यानंतर विकास गटांच्या कामात जीप रुळली. तिच्याबरोबर ही अडचणही आली.

रुतलेली गाडी काढण्यासाठी विंच, म्हणजे ड्रमवर दोर गुंडाळून भार ओढणारे यंत्र, आता बाजारात मिळते. विहिरीच्या खोदकामावरील यारीचे तत्त्वही हेच होय. परंतु यंत्रावर लिहिलेला मोठा आकडा पाहून खरेदी केल्यास पैसा जातो आणि ऐन वेळी गाडी जागची हलत नाही. निवड करताना पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

ओढ किती हवी?

हिशेब रिकाम्या गाडीचा नव्हे, भरलेल्या गाडीचा करावा. माणसे व माल धरून होणाऱ्या वजनाच्या किमान दीडपट ओढ विंचला असावी. भरलेल्या जीपचे वजन २५०० किलो असेल, तर ३७५० किलो ओढ लागेल. विंचची ताकद बहुधा पौंडांत सांगतात. एक किलो म्हणजे सुमारे २.२ पौंड, म्हणून ही ओढ ८२५० पौंड झाली. अशा गाडीस ९५०० पौंडी, म्हणजे सुमारे ४३०० किलो ओढीचे विंच घ्यावे.

मात्र हा आकडा ड्रमवर दोराचा एकच थर असतानाचा असतो. दोराचे थर वाढतात तसा ड्रमचा घेर वाढतो व ओढ घटते. चौथ्या थरावर ती बहुधा साठ ते सत्तर टक्के उरते. म्हणजे ४३०० किलोचे यंत्र तेथे २६०० ते ३००० किलोच ओढते. यासाठी प्रत्येक थरावरील ओढ दाखविणारा तक्ता विक्रेत्याकडून मागून घ्यावा.

आता चिखलाचा विचार करू. चिखल चाकाच्या तुंब्यापर्यंत असेल, तर गाडीच्या वजनाइतकी ओढ लागते. मडगार्डपर्यंत असेल, तर ती दुप्पट लागते. म्हणून प्रथम फावड्याने चाकांपुढील चिखल काढावा आणि चाकांखाली दगड, तुराट्या किंवा पऱ्हाट्या घालाव्यात. अर्ध्या तासाच्या या श्रमाने यंत्रावरील भार पुष्कळ कमी होतो.

कप्पीचे महत्त्व

मोठे विंच घेण्यापेक्षा मध्यम विंच व एक भक्कम कप्पी घेणे अधिक शहाणपणाचे असते. कप्पी झाडाच्या बुंध्याला बांधावी, दोर तिच्यातून फिरवावा आणि त्याचे टोक गाडीच्या सांगाड्यावरील आकड्यात अडकवावे. घर्षणात जाणारा थोडा भाग सोडता ओढ दुप्पट होते. गती मात्र निम्मी होते. शिवाय दोर अधिक सुटल्याने ड्रमवरील थर कमी होतात, हा दुसरा लाभ. कप्पीवर दुप्पट भार येत असल्याने ती, तिची कडी व पट्टा तितक्याच ताकदीचा हवा.

विजेचे की हाताचे?

विजेचे विंच गाडीच्या बॅटरीवर चालते. पूर्ण भाराखाली ते सुमारे ४०० अँपिअर प्रवाह घेते. म्हणून बॅटरी चांगली असावी, इंजिन चालू ठेवावे आणि मिनिटभर ओढून मोटार थंड होऊ द्यावी. हे यंत्र पुढील बाजूस बसविले की गाडीवर पस्तीस-चाळीस किलोंचा कायमचा बोजा पडतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने वाहनात फेरफार करण्यावर बंधने घातली आहेत. म्हणून यंत्र बसविण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करावी.

वर्षातून दोन-चार वेळाच गाडी रुतत असेल, तर तरफेने चालणारे हातविंच पुरेसे होते. १६०० किलो ओढीचे हातविंच कप्पीच्या साहाय्याने सुमारे ३२०० किलो ओढते. त्याला बॅटरी लागत नाही, गाडी पुढे किंवा मागे कोणत्याही दिशेने काढता येते आणि एकच यंत्र साऱ्या गावाच्या गाड्यांना व ट्रॉल्यांना उपयोगी पडते. काम संथ होते, एवढाच त्याचा दोष.

दोर व खुंट

पोलादी तारेचा दोर दगडावरील घासणे अधिक सोसतो. परंतु त्याची तार सुटून हातात घुसते. कृत्रिम धाग्याचा दोर हलका असतो व तुटल्यास कमी उसळतो. पण ऊन, वाळू व धारदार कडा यांनी खराब होतो. पोलादी दोराचे किमान पाच व धाग्याच्या दोराचे आठ ते दहा वेढे ड्रमवर नेहमी शिल्लक ठेवावेत.

झाडाला दोर थेट बांधू नये. तो सालीत रुततो, सालीतून अन्न वाहून नेणारा थर कापला जातो आणि झाड पुढे वाळते. रुंद पट्टा बुंध्याशी खाली बांधावा. झाड नसेल तेथे आडवा खोल चर खणून त्यात जादा चाक पुरावे व त्याला दोर बांधावा.

जीव सांभाळा

ताणलेला दोर तुटला तर चाबकासारखा फिरतो व माणूस दगावू शकतो. गाडी रुतली की मुले व बघे जमतात. त्यांना दोराच्या लांबीहून दूर उभे करावे. दोराच्या मध्यावर ओले गोणपाट टाकावे, हातात चामडी मोजे घालावेत आणि ताणलेला दोर कधीही ओलांडू नये. गाडीचे विंच माणसांना विहिरीत उतरविण्यासाठी मुळीच वापरू नये. ते ओढण्यासाठी बनविलेले असते, माणसे उचलण्यासाठी नव्हे.

पावसाळ्यापूर्वी ग्रामसेवकांनी व शेतकरी बंधूंनी कोरड्या जमिनीवर एकदा या साहित्याचा सराव करावा आणि कप्पी, पट्टा, मोजे व फावडे एका पेटीत ठेवून ती गाडीतच ठेवावी. भर पावसात, अंधारात हे साहित्य शोधत बसण्याची पाळी मग कोणावर येणार नाही.