तीन वसंत

येरमाळ्याच्या येडेश्वरीची चैत्री पौर्णिमेची यात्रा म्हणजे आम्हा मुलांना वर्षातून एकदा मिळणारा सिनेमा. चुन्याचा मान देऊन झाला, की मामांचे बोट धरून आम्ही टुरिंग टॉकीजच्या तंबूत शिरायचो. अशाच एका वर्षी जुना 'सांगत्ये ऐका' लागला होता. लोक जागा धरेपर्यंत श्रेयनामावली संपलीसुद्धा.

मध्यंतरात मामा म्हणाले, "संगीत वसंत देसाईंचं. लावणीला तोच माणूस लागतो." मागे बसलेला एक ढोलकीवाला हळूच म्हणाला, "न्हाई गुरुजी, वसंत पवारांचं हाय." सगळे हसले. मामा शाळामास्तर, पेपर वाचणारे. त्यांच्यापुढे ढोलकीवाल्याचे कोण ऐकणार?

मामांची चूक तशी समजण्यासारखी होती. होनाजी शाहिरावरच्या 'अमर भूपाळी'ला (१९५१) देसाईंचेच संगीत होते. 'प्रभात'मध्ये घडलेले हे देसाई व्ही. शांतारामांबरोबर 'राजकमल'मध्ये आले. 'झनक झनक पायल बाजे' (१९५५) आणि 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) या चित्रपटांनी त्यांचे नाव देशभर नेले. १९७५ साली मुंबईत लिफ्टच्या अपघातात त्यांचा अंत झाला.

आमच्या घरात मात्र वसंत म्हणजे वसंत प्रभू. पी. सावळारामांचे शब्द, प्रभूंची चाल आणि लताबाईंचा आवाज रेडिओवर एकत्र आला, की भाकरी थापणारा आईचा हात थांबायचा. सासरी निघालेल्या लेकीचे दुःख या माणसाने घराघरांत पोचवले. 'शिकलेली बायको' (१९५९) आणि 'कन्यादान' (१९६०) हे चित्रपटही त्यांचेच.

आणि तिसरे वसंत पवार. 'सांगत्ये ऐका' पुण्याच्या विजयानंद थिएटरात १३१ आठवडे चालला. त्याच हातांनी 'वैजयंता'तला फड रंगवला आणि 'मानिनी'त बहिणाबाईंच्या ओव्यांना चाल दिली. फड आणि जाते, दोन्ही त्यांना कळत होते. १९६५ साली, चाळिशीही न गाठता, ते गेले.

तिघांचे नाव एक, काळही जवळपास एकच. पण एकाचा वसंत देशभर बहरला, दुसऱ्याचा घराघरांत, तिसऱ्याचा तमाशाच्या बोर्डावर. अशा वेळी होते काय, की ज्याचा बोलबाला अधिक, त्याच्या खात्यावर दुसऱ्याची कमाई जमा होते. कोणी चोरी करत नाही. आपण अर्धे नाव घेतो, एवढेच.

पुढे एकदा रेडिओवर निवेदिकेने पूर्ण नाव घेतले, "संगीत, वसंत पवार." मामा गप्प बसले. पुढच्या चैत्रात ते तंबूपाशी त्या ढोलकीवाल्याला शोधत फिरले. तो भेटला नाही. परतीच्या बैलगाडीत एवढेच म्हणाले, "माणूस खरं बोलत होता रे. आपण हसलो."

परवा नातीने मोबाईलवर तेच लावणीगीत लावले. पडद्यावर गायिकेचे नाव होते, चाल बांधणाऱ्याचे नव्हते. "कुणाची चाल, आजोबा?" तिने विचारले.

"वसंत पवारांची," मी म्हणालो. पूर्ण नाव घेतले. मामांच्या वतीनेही.