रानपिंगळ्याचा माग : तानसा ते जामसर

घुबडांच्या कुळातला रानपिंगळा शास्त्रीय वर्गीकरणात गाणाऱ्या पक्ष्यांमध्ये मोडत नाही, तरी त्याचा शोध घेणाऱ्याला आधी कानांवरच भिस्त ठेवावी लागते; कारण सागाच्या रानात त्याचा तपकिरी-पांढरा देह सहजी डोळ्यांत भरत नाही, आवाज मात्र दूरवर जातो. १८७३ मध्ये पक्षिशास्त्रज्ञ ह्यूमने शास्त्राला ओळख करून दिलेला हा पक्षी १८८४ नंतर तब्बल ११३ वर्षे कोणाला निश्चितपणे आढळला नाही. मधल्या काळातली १९१४ ची नोंद पक्षीसंग्राहक माइनर्टझहागेन याने चोरलेल्या जुन्या नमुन्यावर खोटे स्थळ व तारीख लिहून रचलेली होती. ही लबाडी ओळखून पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी तिच्याकडे दुर्लक्ष केले आणि एकोणिसाव्या शतकातल्या नमुन्यांच्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणे प्रमाण मानली, म्हणूनच नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना रानपिंगळा पुन्हा दिसला. जंगलात पाऊल टाकण्यापूर्वी कागदपत्रे पारखून घेण्याचे मोल याहून ठळकपणे दाखवणारे उदाहरण भारतीय पक्षिशास्त्रात विरळाच.

२०१४ मध्ये हाच पक्षी तानसा अभयारण्यात आढळला, म्हणजे कसाऱ्याच्या लोकलने आटगावला उतरणाऱ्या मुंबईकराच्या अगदी आवाक्यात, आणि तोवर मुख्यतः सातपुड्याशी जोडलेली त्याची कथा सह्याद्रीच्या पायथ्याशी येऊन भिडली. उत्तरेला डांगच्या रानांतही तो नोंदला गेला असल्याने, या दोहोंच्या मध्ये पसरलेला जव्हार-मोखाड्याचा पट्टा, ज्यात जामसरही येते, बारकाईने धुंडाळला पाहिजे.

हा शोध रात्री घ्यायचा नसतो. रानपिंगळा बराचसा दिनचर, म्हणजे दिवसा वावरणारा असून, हिवाळ्याच्या सकाळी उघड्या फांदीवर ऊन खात बसतो आणि तिथूनच सरडे, उंदीर व मोठे कीटक यांच्यावर झडप घालतो. सागाची पानगळ सुरू झाली की नजर अडत नाही, शिवाय विणीचा हंगाम साधारण ऑक्टोबरपासून सुरू होत असल्याने या दिवसांत आवाजही अधिक ऐकू येतो. पिंगळा दिसल्यावर खरी पारख असते ती डोक्याची: गावकुसाजवळच्या नेहमीच्या पिंगळ्याच्या माथ्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात, तर रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ एकरंगी, छातीवर दाट तपकिरी पट्टा, पोट पांढरे, चोच व पाय दणकट आणि शेपटीवर रुंद पट्टे असतात, अस्वस्थ झाला की ती शेपटी तो आडवी हलवतो.

ध्वनिमुद्रित आवाज वाजवून नराला पुढे आणणे सोपे आहे, पण प्रतिस्पर्धी आल्याच्या समजुतीने तो शिकार आणि ढोलीतल्या पिल्लांची राखण सोडून येतो, म्हणून विणीच्या काळात असे वाजवणे सर्वथा वर्ज्य मानावे. ढोलीचे नेमके ठिकाणही जाहीर करू नये. अंधश्रद्धेपोटी घुबडांचे अवयव आणि अंडी यांना आजही गिऱ्हाईक मिळते, आणि छायाचित्रकारांची गर्दीही घरट्याला कमी घातक नसते.