भात्याचा ब्लोअर आणि त्याची वायर



दसरा झाला की आमच्या पाथर्डी तालुक्यात ऊसतोडीला जाणाऱ्यांची लगबग सुरू होते आणि लोहाराच्या भट्टीपुढे कोयत्यांचा ढीग लागतो. परिसर अभ्यासासाठी मी दरवर्षी याच दिवसांत मुलांना भट्टी बघायला नेते. तिथली मुलगी माझ्याच वर्गात आहे. दोन वर्षांपूर्वीपर्यंत दसरा ते दिवाळी ती शाळेत फारशी दिसायचीच नाही, कारण भाता ओढायला घरात दुसरं माणूस नव्हतं. मग वडिलांनी विजेवर चालणारा ब्लोअर आणला आणि पोरगी शाळेत यायला लागली. म्हणून त्या ब्लोअरवर माझा जीव आहे.

पण त्याची वायर! पत्र्याच्या शेडमधून जमिनीवरून आडवी आलेली, मध्ये दोन ठिकाणी जोड, जोडांवर चिकटपट्टी. माझा एक विद्यार्थी तिला अडखळला. मी पटकन म्हणाले, "दादा, यावर एखादं पोतं टाका ना, म्हणजे पाय अडकायचा नाही." त्यांनी टाकलं. घरी आल्यावर लक्षात आलं की मी चुकीचा सल्ला देऊन आले. वायर डोळ्याआड झाली, पण सुरक्षित काही झाली नाही.

का ते बघू. आपल्याकडच्या साध्या वायरीचं वरचं आवरण पीव्हीसीचं असतं. ते साधारण 70 अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेलं असतं. त्यापुढे ते मऊ पडतं, मग कडक होऊन तडकतं. लाल लोखंडावर घण पडला की ठिणग्या आणि जळते पापुद्रे उडतात, त्यांचं तापमान याच्या कितीतरी पट. असा एक पापुद्रा पोत्यावर पडला की पोतं आतल्या आत धुमसत राहतं. उघड्या वायरीला पडलेला डाग निदान दिसला तरी असता. शिवाय पोत्यावरून माणसं बिनधास्त चालतात आणि सुटलेला जोड कुणालाच कळत नाही.

गंमत म्हणजे ब्लोअरला वीज फार लागत नाही. 100 वॅटचा धरला तर 100 भागिले 230, म्हणजे अर्धा अँपिअरही नाही (मोटर असल्यामुळे थोडा जास्त धरा). मोठ्या वर्गातल्या मुलांना हा भागाकार जरूर द्या. म्हणजे इथे वायर तापते ती तिच्यातल्या विजेने नाही, बाहेरच्या आगीने. आणि वीज कमी लागते म्हणून धोका कमी, असंही नाही. अंगातून काही दशक मिलीअँपिअर प्रवाह गेला तरी जीव जाऊ शकतो. मीटरजवळचा 6 अँपिअरचा एमसीबी तेवढ्याला पडत नाही. तो जास्त भार किंवा शॉर्टसर्किट झालं तर वायर वाचवतो. माणसासाठी आरसीसीबी लागतो, 30 मिलीअँपिअरचा. गेलेला आणि परत आलेला प्रवाह यांत तेवढा फरक पडला की तो क्षणात वीज तोडतो. हे दोन खटके म्हणजे एकच, असा समज मला शिक्षकांतही दिसतो. माझाही होता.

मग वायर न्यायची कशी? खरं उत्तर वायरीत नाही, नळीत आहे. ब्लोअर भट्टीला चिकटूनच ठेवायला हवा असं नाही. हवा लोखंडी पाइपातून तीन-चार फूट लांबून आणता येते. म्हणजे आगीजवळ जाईल तो पाइप, आणि ब्लोअर व वायर राहतील लांब.

थंड देशांत घरातल्या फायरप्लेसमध्ये लोखंडी पेटी बसवतात, तिलाही ब्लोअर असतो. (महाबळेश्वरच्या जुन्या बंगल्यांत फायरप्लेस पाहिली असेल, तसलीच जागा.) तो ब्लोअर आगीत हवा फुंकत नाही, तापलेल्या पेटीभोवती खोलीतली हवा फिरवून ती गरम करून परत खोलीत सोडतो. काम वेगळं, पण वायरीची अडचण तीच. तिथेही वायर पेटीच्या अंगाला लागू न देता खालून एका बाजूने काढतात, भिंतीलगत पट्टीच्या आतून नेतात आणि सॉकेट शक्य तितकं जवळ घेतात. गालिच्याखाली सारत नाहीत.

आमच्या शेडला एक अडचण जास्तीची होती, ती म्हणजे पत्रा. वायर पत्र्याच्या कडेला घासून सोलली तर सगळी भिंतच करंट मारते, पावसाळ्यात तर जास्तच. म्हणून परवानाधारक वायरमनने पीव्हीसी पाइप लाकडी खांबांवरून, डोक्याच्या वरून नेला. वायर आतून अखंड, मध्ये जोड नाही. सॉकेट भट्टीच्या समोरच्या कोपऱ्यात, लहान मुलांच्या हाताच्या वर. पण बसल्या जागेवरून उठून आगीवर न वाकता बंद करता येईल असं. ब्लोअरची बॉडी लोखंडी, म्हणून थ्री पिन आणि खरं अर्थिंग. आधी पिना तीन होत्या, पण हिरवी वायर कुठे जोडलेलीच नव्हती!

वर्गात मी जुना थ्री पिन प्लग (वायर कापून टाकलेला) दाखवते आणि विचारते, वरची पिन लांब का? उत्तरं भन्नाट येतात. कारण असं, की प्लग घालताना अर्थिंग सगळ्यांत आधी जोडलं जावं आणि काढताना सगळ्यांत शेवटी सुटावं. यंदा हे माझ्याआधी त्या मुलीनेच सांगितलं.

आरसीसीबीवर 'टी' लिहिलेलं बटण असतं. ते दाबल्यावर वीज गेली नाही तर खटका बिघडलाय असं समजायचं. तिच्या घरी दर एक तारखेला वडील ते दाबतात आणि ती कॅलेंडरवर बरोबरची खूण करते. या महिन्याची झाली आहे, मी विचारलं.