गरोदरपणात ‘पॅप’चा रिपोर्ट बिघडला, तर?

गरोदर स्त्रीच्या फाइलमध्ये हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड आणि सोनोग्राफीचे रिपोर्ट असतातच. काही वेळा त्यांत पॅप स्मिअरचाही रिपोर्ट असतो आणि त्यावर ‘एलएसआयएल’ किंवा ‘एचएसआयएल’ अशी न कळणारी अक्षरे असतात. मोबाइलवर त्यांचा अर्थ शोधला की समोर ‘कॅन्सर’ हा शब्द येतो. मग घरात दोनच प्रश्न उरतात: बाळाला धोका आहे का, आणि गर्भ ठेवायचा की नाही? बहुतेक स्त्रियांच्या बाबतीत या दोन्ही प्रश्नांची उत्तरे दिलासा देणारी आहेत. अट एकच, पुढची तपासणी अर्धवट सोडायची नाही.

रिपोर्ट काय सांगतो?

पॅप तपासणीत गर्भाशयमुखावरच्या पेशी हलक्या हाताने खरवडून घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ही चाळणी आहे, निदान नव्हे. ‘एएससी-यूएस’ म्हणजे पेशी थोड्या वेगळ्या दिसतात, पण कारण स्पष्ट नाही. ‘एलएसआयएल’ म्हणजे सौम्य बदल. ‘एचएसआयएल’ म्हणजे ठळक बदल. लक्ष दिले नाही तर पुढे काही वर्षांनी त्यांतून कॅन्सर होऊ शकतो. या तिन्हींपैकी कोणताही शेरा म्हणजे कॅन्सरचे निदान नाही.

या बदलांच्या मुळाशी बहुतेक वेळा ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही असतो. या विषाणूचा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरशी असलेला संबंध दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. हा संसर्ग शरीरसंबंधातून होतो आणि अतिशय सर्रास आढळतो. बहुतेकांचे शरीर एक-दोन वर्षांत तो आपोआप घालवून टाकते. काहींमध्ये तो वर्षानुवर्षे गुपचूप राहतो. त्यामुळे आज आलेल्या रिपोर्टवरून नवरा-बायकोने एकमेकांवर संशय घेण्यात अर्थ नाही.

थांबणे सुरक्षित का?

पेशींतील बदलांचा कॅन्सर व्हायला सहसा अनेक वर्षे लागतात. न्यूझीलंडमधील एका रुग्णालयात काही स्त्रियांमध्ये ‘सीआयएन ३’ हा सर्वांत पुढचा कॅन्सरपूर्व बदल सापडूनही पुरेसा उपचार झाला नव्हता. त्यांच्या नोंदींचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. ३० वर्षांत त्यांपैकी सुमारे ३१ टक्के स्त्रियांना कॅन्सर झाला. हे प्रमाण मोठे आहे, म्हणून उपचार टाळता येत नाही. पण हा काळ वर्षांत मोजायचा आहे, आठवड्यांत नव्हे. म्हणूनच गरोदरपणाचे काही महिने नीट लक्ष ठेवून थांबता येते.

सौम्य बदल असतील आणि आधीच्या तपासण्यांत काही गंभीर नसेल, तर पुढची तपासणी बाळंतपणानंतर केली तरी चालते. ‘एचएसआयएल’ असेल, तर गरोदरपणातच कॉल्पोस्कोपी करतात. यात गर्भाशयमुखावर सौम्य अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड लावून ते दुर्बिणीतून मोठे करून पाहतात. गरोदरपणात तिथला रक्तपुरवठा वाढतो, आतली त्वचा बाहेर वळते, आणि नैसर्गिक बदलही संशयास्पद दिसू शकतात. म्हणून ही तपासणी अनुभवी डॉक्टरांकडून करून घ्यावी. ती बाळासाठी सुरक्षित आहे.

संशयास्पद जागा दिसली, तर छोटा तुकडा बायोप्सीसाठी घेतात. रक्तस्राव थोडा जास्त होऊ शकतो, पण तो सहसा तिथेच थांबवता येतो. गर्भाशयमुखाच्या आतला भाग खरवडणे मात्र गरोदरपणात टाळले जाते.

बायोप्सीत ‘सीआयएन २’ किंवा ‘३’ निघाले, तरी गरोदरपणात त्यावर उपचार करत नाहीत. अमेरिकेतील तज्ज्ञांच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, दर १२ ते २४ आठवड्यांनी पुन्हा तपासून लक्ष ठेवायचे असते. बदललेला भाग कापून काढण्याच्या शस्त्रक्रियेत गरोदरपणी जास्त रक्तस्राव, गर्भपात आणि अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचा धोका असतो. त्यामुळे कॅन्सर पसरू लागल्याची दाट शंका असेल, तरच तिचा विचार होतो. प्रत्यक्ष कॅन्सर निघाला, तर त्याची पायरी, गर्भाचे आठवडे आणि स्त्रीची इच्छा पाहून कॅन्सरतज्ज्ञ व प्रसूतितज्ज्ञ मिळून निर्णय घेतात.

पेशींतील या बदलांचा गर्भाच्या वाढीवर परिणाम होत नाही. केवळ अशा रिपोर्टसाठी गर्भपात करण्याचे किंवा सिझेरियन करण्याचे कारण नसते.

एक गोष्ट मात्र दुर्लक्षून चालणार नाही. संबंधानंतर किंवा मध्येच रक्त जाणे, दुर्गंधीयुक्त पाणी जाणे, ही लक्षणे ‘गरोदरपणात असे होतेच’ म्हणून सोडून देऊ नयेत. सोनोग्राफीबरोबर गर्भाशयमुखही डोळ्यांनी पाहून घेण्याची विनंती डॉक्टरांना जरूर करावी.

खरी चूक बाळंतपणानंतर

बाळ सुखरूप झाले की तो रिपोर्ट विसरला जातो. आपल्याकडे आणखी एक अडचण असते. तपासणी सासरच्या गावी, बाळंतपण माहेरी, आणि जुनी फाइल कपाटात. माहेरच्या डॉक्टरांना कळतच नाही की काही तपासायचे राहिले आहे. त्यामुळे माहेरी जाताना पॅप, एचपीव्ही आणि बायोप्सीचे रिपोर्ट सोबत न्यावेत आणि पहिल्याच भेटीत दाखवावेत.

राहिलेली कॉल्पोस्कोपी प्रसूतीनंतर किमान चार आठवड्यांनी करतात. म्हणजे सव्वा महिना संपला की वेळ झालीच. बाळाची दीड महिन्याची लस याच सुमारास असते; आईच्या तपासणीची तारीखही तेव्हाच घेतली, तर ती राहून जात नाही. अनेकींमध्ये तोवर बदल कमी झालेले असतात. ज्यांच्यात ते टिकून असतात, त्यांच्यावर आता निर्धास्तपणे उपचार करता येतात. एचपीव्हीची लस गरोदरपणात देत नाहीत. स्तनपान चालू असताना ती घेता येते. मात्र लस आधीचे बदल बरे करत नाही.

या पाठपुराव्याचे मोल आकड्यांतून कळते. २०२२ मध्ये भारतात सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना गर्भाशयमुखाचा कॅन्सर झाल्याचा अंदाज आहे. दुसरीकडे, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील खेड्यांत सव्वा लाखांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या संशोधनात, एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेले ते निष्कर्ष जगभर आजही दाखल्यासाठी दिले जातात. पण तेही केवळ तपासणीचे यश नव्हते. ज्यांच्यात दोष सापडला, त्यांना पुढे बोलावून उपचार केले गेले, म्हणून जीव वाचले. गरोदरपणात सापडलेल्या रिपोर्टलाही हेच लागू आहे.