नेत्रपल्लवीची तालीम

देहबोली रंगमंचाची : लेखांक ९

गेल्या आठवड्यात आपण राग पाहिला. रागाला लपायचं नसतं. तो समोरच्यावर चालून जातो, म्हणून नव्या नटालाही बऱ्यापैकी जमतो. आजचा विषय नेमका उलटा आहे. दोन पात्रं एकमेकांकडे ओढली जातायत, दोघांनाही ते कळलंय, पण अजून कोणी काही बोललेलं नाही. असा प्रवेश आला की तालमीत भलेभले अवघडतात.

अवघडलेपण झाकायला मग ठरावीक गोष्टी सुरू होतात. मुलगी केसांची बट बोटाभोवती गुंडाळते, मुलगा खांबाला टेकून भुवई उडवतो, दोघं कारण नसताना हसतात. एकांकिका स्पर्धेच्या कुठल्याही प्राथमिक फेरीत जाऊन बसा, हे हमखास दिसेल. यातली एकही खूण खोटी नाही, माणसं खरोखर असं करतात. तरी प्रवेश खोटा वाटतो, कारण नटांनी निकाल आधीच लावलेला असतो. होकार मिळणार हे त्यांना संहितेतून ठाऊक असतं आणि शरीर ते सांगून मोकळं होतं. प्रत्यक्षात मात्र आवडलेल्या माणसासमोर आपण फक्त खडा टाकून पाहतो, आणि तोही ‘मी कुठे काय केलं?’ असं म्हणायची सोय ठेवून.

ही सोय म्हणजे या अभिनयाचा कणा. पात्राला जवळ जायला, थांबायला, वळून बघायला काहीतरी सबब हवी. ती सबब नटाने मन लावून, खरी मानून करायची. प्रेक्षकाला सबबही दिसते आणि तिच्यामागचं कारणही, आणि त्या दोहोंमधल्या फटीत त्याला गंमत वाटते.

कालिदासाला हे पक्कं माहीत होतं. ‘शाकुंतला’च्या दुसऱ्या अंकात दुष्यंत विदूषकाला शकुंतलेबद्दल सांगतो. ती निघाली, चार पावलं गेली आणि पायात दर्भ रुतल्याचं सांगून थांबली. वल्कल फांदीत अडकलेलं नव्हतं, तरी ते सोडवण्याच्या मिषाने मान वळवून उभी राहिली. एवढंच. पण नटाच्या नजरेने वाचलं तर इथे पूर्ण आराखडा मिळतो. पाय आश्रमाच्या वाटेवर आहेत, हात वल्कलात गुंतलेत आणि मान राजाकडे आहे. एकाच शरीराच्या तीन भागांना तीन दिशा आहेत. शकुंतला करणाऱ्या मुलीने राजाकडे कसं बघावं याची चिंता करण्याआधी तो नसलेला काटा नीट काढायला शिकावं. मराठी संगीत नाटकाची वाट १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’नेच मोकळी केली, तेव्हा ही थांबण्याची युक्ती आपल्या रंगभूमीला परकी नाही.

भरताच्या नाट्यशास्त्रात या परस्परविरोधाला चक्क नावं दिलेली आहेत. नायिकेच्या स्वभावज अलंकारांत ‘बिब्बोक’ आहे, म्हणजे हवं ते समोर आलं तरी तोऱ्याने दाखवलेली बेपर्वाई. ‘कुट्टमित’ आहे, म्हणजे प्रियकराच्या स्पर्शाने आतून सुखावताना वरवर दाखवलेला त्रास. ‘विहृत’ म्हणजे बोलायची वेळ आली असताना लाजेने न बोलणं. तिन्हींत आत एक आणि बाहेर दुसरंच आहे. भरताने ही यादी स्त्रीपात्रांसाठी केली. आजच्या नाटकात तोरा आणि गप्प राहणं पुरुषाच्या वाट्यालाही तितकंच येतं, तेव्हा नटांनीही ती खुशाल उसनी घ्यावी.

त्याच ग्रंथातली भाव, हाव आणि हेला ही चढण तर तालमीत रोज उपयोगी पडावी अशी आहे. ‘भाव’ ही मनातली पहिली चाहूल असते. ‘हावा’त ती डोळे, भुवया आणि मानेत उतरते. ‘हेले’त ती उघड, लालित्याने दिसू लागते. आपले बहुतेक नट पहिल्याच वाक्याला हेलेवर उभे असतात. मग उरलेली दहा मिनिटं चढायला पायरीच शिल्लक राहत नाही. संहिता हातात घेऊन पेन्सिलीने खुणा करा. इथपर्यंत नुसता भाव, इथून हाव, आणि हेला आलीच तर शेवटच्या एका क्षणी.

आता प्रत्यक्ष माणसं काय करतात ते पाहू. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मोनिका मूर यांनी बारसारख्या ठिकाणी २०० हून अधिक स्त्रियांचं लांबून निरीक्षण केलं आणि १९८५ साली अशा ५२ हालचालींची यादी प्रसिद्ध केली. पटकन टाकलेली आणि तितक्याच पटकन काढून घेतलेली नजर, मान मागे टाकणं, केस सारखे करणं, हसू, असं बरंच काही तिच्यात आहे. ज्या स्त्रिया अशा खुणा अधिक करत होत्या, त्यांच्याशी बोलायला पुरुष अधिक वेळा आले. नटासाठी यात धडा असा की एकट्या खुणेला फारसा अर्थ नसतो. कोणी केस सारखे केले तर केस विस्कटले असतील. पण नजर तीनदा त्याच खुर्चीकडे जाऊन परत आली, तर प्रेक्षक मोजू लागतो.

ऑस्ट्रियाचे इरेनॉस आयब्ल-आयबेसफेल्ट यांनी जगभरच्या समाजांत फिरून लोकांच्या नकळत त्यांचं चित्रण केलं. ओळखीचं किंवा आवडीचं माणूस दिसताच भुवया क्षणभर वर जाऊन खाली येतात, हे त्यांना ठिकठिकाणी आढळलं. हा सगळा खेळ सेकंदाच्या सुमारे सहाव्या भागात उरकतो. कॅमेऱ्याला तेवढं पुरतं. नाट्यगृहात दहाव्या रांगेच्या मागे ते पोचतच नाही.

म्हणून रंगमंचावर चेहरा मोठा करण्याचा मोह होतो, आणि तिथेच गाडी घसरते. खूण मोठी करू नका, ती शरीराच्या मोठ्या भागाकडे सोपवा. नजरेचं काम मानेला द्या. बघणं, पकडलं जाणं आणि नजर दुसरीकडे नेणं हे तीन स्वतंत्र ठोके आहेत, ते एकमेकांत मिसळू देऊ नका. नजर काढून घेतल्यावर ती हवेत सोडू नका. खिडकी, घड्याळ, चपला, कुठेतरी ठेवा. चपलांकडे जरा जास्त वेळ बघणारा माणूस शेवटच्या रांगेलाही कळतो.

दुसरी सोय म्हणजे छाती आणि पावलं यांचा तंटा. पावलं विंगेकडे आणि छाती समोरच्या पात्राकडे असली की ‘निघतो’ हे वाक्य आपोआप ‘थांबवा’ असं ऐकू येतं. उलट दोन्ही एकाच दिशेला असली की पात्र खरंच निघालेलं दिसतं.

तिसरी गोष्ट अंतराची. एडवर्ड हॉल यांनी १९६६ सालच्या ‘द हिडन डायमेन्शन’ या पुस्तकात अमेरिकी मध्यमवर्गाची अंतरं मोजून सांगितली. अगदी जवळच्यांसाठी सुमारे दीड फुटांच्या आत, मित्रमंडळींसाठी चार फुटांपर्यंत, त्यापलीकडे कामाचं बोलणं. आपल्या चाळीत, लोकलमध्ये हे आकडे वेगळे असतील. पण तत्त्व लागू पडतं. प्रवेशात ही जवळची रेषा एकदाच ओलांडा, तीही सबबीने. चहाचा कप द्यायला जा आणि परत येताना जितके पुढे गेलात त्यापेक्षा एक पाऊल कमी मागे या. ते राहिलेलं पाऊलच प्रवेश पुढे नेतं.

मराठी नटाला या अभ्यासासाठी दूर जायचं कारण नाही. बैठकीच्या लावणीत कलावंतीण बसून गाते. एकच ओळ पुन्हा पुन्हा येते आणि दर वेळी अदा निराळी असते. कधी रुसवा, कधी आर्जव, कधी खोडी. पावलं जागच्या जागी, काम फक्त मान, डोळे, हात आणि थांबण्याचं. २०१२ साली पद्मश्री मिळालेल्या यमुनाबाई वाईकर यांचं नाव या अदाकारीसाठी आदराने घेतलं जातं. मात्र एक भेद ध्यानात ठेवा. लावणीची अदा समोर बसलेल्या रसिकाला उद्देशून असते. वास्तववादी नाटकात तीच अदा प्रेक्षकाकडे फेकली, की समोरचं पात्र बिचारं खांब होतं.

आणि ते पात्र खांब नाही, हेच मुख्य. हा प्रवेश दोघांचा असतो. पहिल्याने नजर टाकली तर ती घेतली, टाळली की परतवली, हे दुसऱ्याच्या शरीरावर लिहिलेलं दिसायला हवं. टाळली आणि तरी पहिला पुढेच येत राहिला, तर तिथे लाडीगोडी संपते आणि त्रास देणं सुरू होतं. लेखकाला कधी तेच दाखवायचं असतं. पण नटांना आणि दिग्दर्शकाला तो सांधा कुठे आहे हे माहीत नसेल, तर छळवणुकीचा प्रवेश गोड संगीतावर सादर होतो. आपल्याकडे हे पुष्कळदा झालं आहे. तालमीतही स्पर्श कुठे, किती आणि कधी हे दोघांनी आधी बोलून ठरवावं. उत्स्फूर्ततेच्या नावाखाली ऐनवेळी हात धरणं हा अभिनय नव्हे.

या आठवड्याचा सराव असा. एसटी स्टँडवर दोन पात्रं, बसायला एक बाक. संवाद फक्त गाडीच्या वेळेबद्दल. हसणं, केसांना हात लावणं आणि स्पर्श या तिन्हींवर बंदी. तिसऱ्याने समोर बसून पाहायचं आणि नेमकं कुठल्या हालचालीला ‘यांचं जमतंय’ असं वाटलं, तेवढंच सांगायचं. ती हालचाल ठेवा, बाकीच्या काढून टाका. पुढच्या लेखांकात अपराधी मनाची देहबोली घेऊ. तोवर हा सराव जोडीदार बदलून पुन्हा करा, कारण एका जोडीला सापडलेली हालचाल दुसऱ्या जोडीला लागू पडत नाही.